पेटीतली हाक

६ जानेवारी

सरांनी सगळ्यांना एकेक वही घ्यायला लावली. "काय पाहिलं, काय कापलं आणि कशाची भीती वाटली, तेवढंच लिहा. साहित्य नको," म्हणाले. मी भीतीपासूनच सुरुवात करते. आज दुसरं काही केलंच नाही.

वर्ग एका छापखान्याच्या वर आहे. खाली मशीन सुरू झालं की टेबलावरचे कप किणकिणतात. मला तो आवाज घरचा वाटतो. बावीस वर्षं मी मुद्रितं तपासली, दुसऱ्यांच्या चुकांना लाल खुणा केल्या. आता प्रकाशकाकडे ते काम संगणक करतो. वाईट करतो, पण करतो. आई म्हणाली, घरात बसून माझ्या चुका काढण्यापेक्षा बाहेर जाऊन काहीतरी शीक.

सर म्हणजे निवृत्त संकलक. जन्मभर सिनेमे आणि मालिका कापल्या-जोडल्या. आता दर शनिवारी आम्हा सात जणांना व्हिडिओ निबंध करायला शिकवणार आहेत. म्हणजे एखाद्या सिनेमातला किंवा मालिकेतला प्रसंग घ्यायचा, त्याचे तुकडे दाखवत आपल्या आवाजात बोलायचं आणि आपलं म्हणणं बघणाऱ्याला पटवायचं. माझ्या शेजारी एक नर्सबाई बसतात. मालिकांमधले डॉक्टर नाडी कुठे कुठे शोधतात, हा त्यांचा विषय. म्हणाल्या, "एकाने तर कोपरात शोधली हो. आणि पेशंट वाचला."

मग सरांनी प्रत्येकाला माइकसमोर दोन ओळी वाचायला लावल्या आणि ऐकवल्या. माझा आवाज ऐकून मला घाम फुटला. गादीखालून कुणीतरी माफी मागतंय असं वाटत होतं.

१३ जानेवारी

विषय ठरला. वर्गात सांगितलाही.

पस्तीस वर्षांपूर्वी टीव्हीवर तेरा भागांची एक मालिका लागायची. आजोबा आणि नातू. नातवाला ना आईबाप, ना भावंड. आठव्या भागात तो लपाछपी खेळताना माळ्यावरच्या लाकडी पेटीत लपतो आणि बाहेरून कडी अडकते. कॅमेरा बाहेरच राहतो. पेटी दिसते, कडी थरथरते आणि आतून मुलाचा आवाज येतो. पण तो आजोबांना हाक मारत नाही. तो "ताई, ताई" म्हणतो. सोळा वेळा, मी मोजलंय. मग आजोबा झाकण उघडतात आणि त्या मुलाचा चेहरा दिसतो. तो चेहरा ज्यांनी पाहिला ते आजही विसरलेले नाहीत.

माझा प्रश्न साधा आहे. ज्याला बहीण नाही तो मुलगा "ताई" का म्हणतो? आणि माझं उत्तर असं, की अंधारात एकटं पडलेलं पोर आपल्यासाठी एक बहीण निर्माण करतं. नसलेल्या माणसाला मारलेली हाक. इतकं एकटेपण मी दुसऱ्या कुठल्या मालिकेत पाहिलेलं नाही.

सरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "हा प्रसंग तुम्हाला इतका तोंडपाठ कसा?"

म्हटलं, "तो मुलगा म्हणजे माझा धाकटा भाऊ."

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मला कानकोंडं झालं. थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला लिहू.

१४ जानेवारी

आईला सांगितलं. ती मटार सोलत होती. हात थांबले.

"कशाला ते उकरतेस?"

"अगं, लोक अजून आठवण काढतात त्याची."

"तुला काय आठवतं त्यातलं?"

खरं तर फारसं नाही. मी दहा वर्षांची होते, तो सहाचा. मोठे दिवे आठवतात, तोंडाला पावडर लावणाऱ्या एक बाई आठवतात, त्यांनी दिलेली नारिंगी गोळी आठवते. पेटीच्या दिवशी मी बहुधा शाळेत असेन. आईला तसं सांगितलं, तर ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग बरं आहे." आईचं हे असंच. मुलांचं कौतुक झालेलं तिला सोसत नाही, दृष्ट लागेल असं वाटतं.

दुपारी धाकटा आला. नेहमीप्रमाणे पाच मजले चढून. लिफ्टमध्ये तो पाय ठेवत नाही, वर आम्हालाच व्यायामाचे धडे देतो. त्याच्या तऱ्हा मोजायला बसले तर वही पुरणार नाही. बसायला खुर्ची दाराजवळचीच लागते. न्हाणीघराचं दार पूर्ण लावत नाही, आत गुणगुणत राहतो, कुणी येऊ नये म्हणून. रोपवाटिका चालवतो ते उत्तम करतो, उघड्या आभाळाखाली खूश असतो.

त्याला विषय सांगितला. तो उठून गॅलरीत गेला आणि आईच्या कुंड्यांना पाणी घालायला लागला. मी सकाळीच घातलं होतं. पाणी वाहून खालच्या मजल्यावर टपकायला लागलं तेव्हा म्हणाला, "तुला हवं ते कर. मला बघायला लावू नकोस, म्हणजे झालं."

कलावंत लोक आपलं जुनं काम बघायला लाजतात, असं सर म्हणाले होते. तसंच असावं.

२७ जानेवारी

आठवडाभर कपड्यांच्या कपाटात डोकं घालून आवाज टेप केला. साड्यांमुळे घुमत नाही. सरांनी ऐकलं आणि अर्ध्यात थांबवलं.

"तुम्ही वाचताय. बोलत नाही आहात."

"मला बोलायची भीती वाटते, सर."

"लोकांशी बोलायची वाटते. एका माणसाशी बोला. कुणाला सांगायचंय हे?"

मला कुणी सुचेना. शेवटी धाकट्याला सांगतेय असं समजून बोलले आणि पहिल्यांदा बरं जमलं. नर्सबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

आज एक युक्ती शिकले. आवाज आधी येऊ द्यायचा, चित्र मागून. माणूस आवाजाच्या ओढीने पुढे सरकतो आणि मग त्याला दाखवायचं. मी "ताई" ही हाक काळ्या पडद्यावर ठेवली आणि पेटी नंतर आणली. सर म्हणाले, हे शिकवून येत नाही.

५ फेब्रुवारी

प्रसंग एक मिनिट चाळीस सेकंदांचा आहे. आतापर्यंत शंभरेक वेळा पाहिला असेल. पहिल्या तीसेक वेळा डोळे भरून यायचे. मग यायचे बंद झाले, तेव्हा वाटलं आता नीट काम होईल. पण दोन-तीन दिवसांपासून वेगळंच सुरू झालंय. नवव्या हाकेनंतर आवाज बदलतो. तोवर तो हाक मारत असतो, नंतर मागत असतो, याहून नीट मला सांगता येत नाही. तिथे आले की माझ्या मांड्यांना मुंग्या येतात. भर दुपारी उठून दार उघडून बसले.

खुर्ची बदलायला हवी.

१७ फेब्रुवारी

आज व्हिडिओ इंटरनेटवर चढवला. आठ मिनिटं, बारा सेकंद. बटण दाबायला पाऊण तास लागला. मालिकेच्या मालकांनी काढून टाकला तर? लोक हसले तर? कुणीच पाहिला नाही तर? नर्सबाई फोनवर म्हणाल्या, "इंजेक्शन देताना आम्ही सांगतो, तिकडे बघा. तसं बघा आणि दाबा." खिडकीबाहेर बघितलं आणि दाबलं.

२३ फेब्रुवारी

मला काही सुचत नाहीये. कुणीतरी कुणाला पाठवला, त्याने आणखी कुणाला. खाली कॉमेंटची रांग लागलीय. एका बाईंनी लिहिलंय, मी लहानपणी या प्रसंगानंतर आठवडाभर आईजवळ झोपले. एकाने लिहिलंय, असा बालकलाकार पुन्हा झाला नाही. मी प्रत्येक कॉमेंट चूक शोधत वाचते, सवयच आहे.

आज सकाळी चक्क दिग्दर्शकांचा फोन आला. मालिका त्यांची. आता ऐंशीच्या पुढे असतील, पण आवाज कसा मऊ, सायीसारखा. म्हणाले, "पस्तीस वर्षांनी कुणाला तरी ते 'ताई' कळलं. संहितेत नव्हतं ते. त्या क्षणी घडलं आणि मी ठेवलं." सोळा मार्चला त्यांचा सत्कार आहे. तिथे माझा व्हिडिओ दाखवणार आहेत आणि नंतर धाकट्याला मंचावर बोलावणार आहेत. "ती पेटी आम्ही अजून जपून ठेवलीय. मंचावर ठेवू. तुमच्या भावाने त्यातून बाहेर यावं, अशी माझी कल्पना आहे. लोक उभे राहतील बघा."

मी हो म्हणून टाकलं. त्याला न विचारता.

२५ फेब्रुवारी

धाकट्याला सांगितलं. दाराजवळच्या खुर्चीत बसला होता. मला वाटलं चिडेल. चिडला नाही. त्याने एवढंच विचारलं, "पेटी तीच आहे का?"

"तीच म्हणाले. त्यांच्या गोदामात जपून ठेवलीय."

"बरं," म्हणाला आणि चहा न घेता गेला. जिन्यावर त्याच्या पावलांचा आवाज एका मजल्यावर थांबला. बराच वेळ थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

आई आतून म्हणाली, "त्याला नेऊ नकोस." मी म्हटलं, अगं सत्कार आहे, फाशी नाही. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

धाबं दणाणलंय माझं. कशाने ते कळत नाही. तो नाही म्हणालेला नाही. मग मला का असं होतंय?

२ मार्च

हे लिहायचं आहे. सर म्हणाले होते, भीती वाटली ते लिहा.

सत्कारात मोठ्या पडद्यावर दाखवायचा, तर चित्र स्वच्छ हवं. माझ्याकडची प्रत कुणीतरी घरच्या टीव्हीवरून उतरवलेली, मळकी. सरांनी एका जुन्या सहकाऱ्याकडून मूळ टेपची प्रत मिळवली. "गंमत बघा," म्हणाले, "तेव्हाच्या टीव्हीवर चित्राच्या कडा कापल्या जायच्या. टेपवर मात्र सगळं असतं. माइकची काठी, कुणाची सावली, काय वाट्टेल ते सापडतं."

पेटीचा प्रसंग लावला. कडी थरथरतेय, आतून हाका येतायत. आणि चित्राच्या अगदी उजव्या कडेला, दोन पाय. कुणीतरी पेटीच्या झाकणावर बसलंय. पांढरे मोजे, तपकिरी बूट, डाव्या बुटाला पट्ट्याऐवजी काळी नाडी बांधलेली.

सर म्हणाले, "अरेच्चा. झाकण उघडू नये म्हणून कुणाला तरी बसवलेलं दिसतंय. बिचारं पोर उघडायचा प्रयत्न करत असणार." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि टेप थांबवली. "काय झालं?"

डाव्या बुटाचा पट्टा शाळेच्या फाटकात अडकून तुटला होता. नवे बूट येईपर्यंत बाबांनी त्याला स्वतःच्या बुटाची नाडी बांधून दिली होती.

मी म्हटलं, काही नाही, चक्कर आली. नर्सबाईंनी मनगट धरलं. योग्य जागी धरलं. "केवढी पळतेय नाडी," म्हणाल्या. मला घरी सोडायला आल्या. वाटेत एक अक्षर विचारलं नाही.

३ मार्च

आईसमोर जाऊन बसले. म्हटलं, "झाकणावर मी होते."

तिने नाकारलं नाही. तिला जणू सुटल्यासारखं झालं. सांगायला लागली तर थांबेचना.

कडी खोटी होती, नुसती शोभेची. मुलगा आतून ढकलायचा आणि झाकण वर यायचं. दोनदा तसं झालं. दिग्दर्शकांनी सांगितलं, कुणीतरी हलकं माणूस वर बसवा, जड बसलं तर पेटी मोडेल. आई मला घेऊन कोपऱ्यात उभी होती. बाबा कामावर गेले होते.

"मला कुणी बसवलं?"

"मीच म्हटलं, जा बस. खेळ आहे, म्हटलं. बोलायचं नाही, आवाज टेप होतोय."

"किती वेळ?"

"दोन मिनिटं म्हणाले होते." ती पदराशी चाळा करत होती. "अकरा झाली. मी घड्याळ बघत होते. ते म्हणत होते, अजून नाही, अजून खरं रडू येत नाहीये. तो आजोबांना हाक मारायचं विसरला आणि तुला मारायला लागला, तेव्हा ते म्हणाले, हे छान आहे, चालू द्या."

"आणि तू?"

"मला वाटलं, सगळी शहाणी माणसं आहेत. त्यांना कळत असेल."

तिला दोष कुठल्या तोंडाने देऊ? माझ्याच आठ मिनिटं बारा सेकंदांत मीही 'हे छान आहे' असंच म्हटलंय, किती सुंदर शब्दांत.

४ मार्च

काम नाही. व्हिडिओ बघितला नाही. मांडीखाली काहीतरी धडधडतंय असं सकाळपासून वाटतंय. खुर्ची बदलली, पलंगावर बसले, जमिनीवर बसले. आता कळतंय ते काय आहे. मला आठवत नाही, पण माझ्या मांड्यांना आठवतंय.

धाकट्याला फोन लावला आणि वाजायच्या आत कापला. चार वेळा. त्याला माहीत नसेल तर मी कशाला सांगू? माहीत असेल तर तो इतकी वर्षं दर रविवारी माझ्या समोर बसून चहा पीत कसा आला?

६ मार्च

सकाळी दहाला भावजयीचा फोन. "ताई, हे तुमच्याकडे आलेत का? सहालाच गेलेत. फोन घरीच ठेवलाय. रोपवाटिका उघडलेली नाही."

नको नको ते मनात आलं, ते मी इथेसुद्धा लिहिणार नाही. आई देवासमोर बसली. मी चपला घातल्या आणि कुठे जायचं हे न कळून जिन्यात उभी राहिले. अकराच्या सुमारास अनोळखी नंबरवरून फोन आला. दिग्दर्शकांच्या गोदामाचा रखवालदार होता. "तुमचे भाऊ आलेत. पेटी बघायची म्हणतात, पण आत येत नाहीत. दारातच उभे आहेत दोन तास. जातही नाहीत. साहेबांच्या कागदावर तुमचा नंबर होता."

रिक्षात बसून भावजयीला कळवलं.

गोदामात प्लॅस्टरचे खांब, नुसत्या चौकटी, तारा नसलेले टेलिफोन, सगळ्यावर धूळ. धाकटा उंबऱ्यावर उभा होता. समोर सात-आठ पावलांवर पेटी.

"घरी चल," मी म्हटलं.

"थांब जरा." तो पेटीकडे बघत होता. "मला वाटायचं केवढी मोठी असेल. ही तर तुझ्या गुडघ्यापेक्षा थोडी वर."

मी पुन्हा 'चल' म्हणणार होते. पण तेव्हा बोलले नसते तर कधीच बोलले नसते. "वर मी बसले होते," म्हटलं.

"हो."

"तुला माहीत होतं?"

"फळ्यांमध्ये फट होती. तुझा बूट दिसत होता, नाडी बांधलेला. म्हणून तर तुला हाक मारत होतो. आजोबांचं काम करणारा माणूस तर तिथे बाहेर सिगारेट ओढत होता, त्याला कशाला मारू?"

माझ्या निबंधाच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं.

"तू हललीसुद्धा नाहीस," तो म्हणाला. ओरडून नाही. रोप का वाळलं ते सांगावं तसं.

"नाही हलले."

"इतकी वर्षं मला वाटायचं, हिला आठवतं आणि ही बोलत नाही. मग परवा एका गिऱ्हाइकाने मोबाइलवर तुझा व्हिडिओ लावला. मी बघितलं नाही, नुसता ऐकला. किती छान बोललीयस. माझ्याशीच बोलल्यासारखी. तेव्हा कळलं, हिला आठवतच नाही." तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. "यातलं जास्त वाईट कुठलं, ते मला अजून ठरवता येत नाहीये."

मला माफ कर म्हणायचं होतं. म्हणाले नाही. म्हटलं असतं तर त्याला "असू दे" म्हणावं लागलं असतं, आणि ते त्याच्यावर आणखी एक ओझं झालं असतं.

आम्ही चालत घरी आलो. दीड तास लागला. त्याने रस्त्यातल्या प्रत्येक झाडाचं नाव सांगितलं.

८ मार्च

दिग्दर्शकांना फोन केला. म्हटलं, भाऊ येणार नाही, व्हिडिओ दाखवू नका, तो मी बदलणार आहे. का ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तेव्हा असंच काम व्हायचं," म्हणाले. "आणि त्या पोराला काय कमी कौतुक मिळालं?"

मी म्हटलं, तरी मी तो बदलणारच. मग तोच मऊ आवाज म्हणाला, "बदला, जरूर बदला. पण एक लक्षात घ्या. मी तर परका माणूस. लोक विचारतील ते, आई तिथे काय करत होती. तुमच्या आईंचं वय किती आता?"

मी फोन ठेवला. खोटं बोलले नव्हते ते. लोक हेच विचारतील. ती भाजी आणायला खाली उतरेल आणि लोक बघतील.

धाकट्याला सांगितलं. तो म्हणाला, "मला तो व्हिडिओ काढून टाकायला नकोय. मला तो खरा हवाय. पण आईचं तू आणि आई ठरवा."

९ मार्च

वर्गाला गेले नाही. आईला सगळं सांगितलं, दिग्दर्शकांच्या शब्दांसकट. तिने दोनदा विचारलं, "वय विचारलं माझं?" मग उठून तोंड धुऊन आली, केस विंचरले आणि कपाटासमोर स्टूल ओढून बसली.

"ते यंत्र चालू कर."

"आई, नको. मी बघते काहीतरी."

"चालू कर म्हणतेय ना. आणि तू बाहेर जा. तुझ्यासमोर नाही बोलता यायचं मला."

मी गॅलरीत उभी राहिले. आतून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. नंतर ऐकलं. चार मिनिटं आहेत. शेवटी ती म्हणते, "मी घड्याळ बघत उभी होते. मला थांबवता आलं असतं. मी त्याची आई आहे." मध्ये एके ठिकाणी ती नुसतीच श्वास घेते. सर म्हणतील, इथे कापा. मी कापणार नाही.

१६ मार्च

आज तिकडे सत्कार झाला असेल. आम्ही तिघंही घरीच.

नवा निबंध तयार आहे. सर दोन दिवस माझ्या शेजारी बसले, सल्ला एकच दिला, "कारणं देऊ नका. काय झालं ते सांगा." त्यात आता एकटेपणाबद्दल एक शब्द नाही. पाय दाखवते आणि म्हणते, ही मी. बटण दाबायची भीती या वेळी वेगळी आहे. तेव्हा वाटत होतं कुणी बघणार नाही. आता वाटतं, सगळे बघतील आणि मला ओळखतील. आई रस्त्यात दिसेल तशी मीही दिसेन.

धाकट्याने निरोप पाठवलाय. उद्या येतो, आधी मला दाखव.

१७ मार्च

आला. पाच मजले चढून. या वेळी आईनेच घराचं दार सताड उघडं ठेवलं आणि त्याच्या खुर्चीसमोर टेबल सरकवलं. ती आत गेली नाही, भिंतीला टेकून उभी राहिली.

मी म्हटलं, "कुठेही थांबव म्हटलंस तर थांबवीन."

तो पडद्याकडे तोंड करून बसला. स्वतःचा तो चेहरा त्याने आजवर एकदाही पाहिलेला नव्हता. माझा आवाज सुरू झाला, मग आईचा. आईच्या आवाजाला त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, तिने पाहू दिलं. मग पेटी आली. हाका सुरू झाल्या. त्याचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर पांढरे पडले. नवव्या हाकेला मला वाटलं, आता हा उठून जाणार, आणि मी बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे."

झाकण उघडलं. चेहरा आला.

"थांबव," तो म्हणाला.

थांबवलं. तो पुढे झुकला. किती वेळ बघत होता सांगता येत नाही. खालून कुणीतरी जिना चढत आलं आणि उघड्या दारासमोरून वर निघून गेलं.

"केवढासा आहे हा," तो म्हणाला.

मग त्याने मला मागे न्यायला सांगितलं. कडीपर्यंत. चित्राच्या उजव्या कडेच्या त्या दोन पायांवर त्याने बोट ठेवलं, काचेला लागेल न लागेल असं.

"आणि ही बघ," म्हणाला. "हिचे पाय पण जमिनीला टेकत नाहीयेत."